फोटो काढून राहिलेले भाऊराव

न बोलावता प्रत्येकाच्या दारात येणारा, आणि कोणाचेही मुख उजळताना लहान-थोर, आपला-परका असा भेद न करणारा जो भगवान सूर्यनारायण, त्याला प्रथम वंदन करतो. त्याच्याच साक्षीने माझे स्नेही भाऊराव गावंडे यांनी आमच्या विश्रांतवाडीतील माणसांची छायाचित्रे काढली. गेल्या आठवड्यात भाऊरावांचे पहिले मासिक श्राद्ध यथाविधी पार पडले. पौरोहित्य माझ्याकडेच होते. मंत्र म्हटले गेले, पाने वाढली गेली, आणि त्या साऱ्या धांदलीत भाऊरावांविषयी दोन शब्द बोलायचे मनात होते ते राहूनच गेले. श्राद्धविधीत माणसाचे नाव, गोत्र येते. त्याचे हसणे येत नाही. ते हसणे कोठेतरी यावे, एवढ्यासाठी हा लेख.

सव्वा महिन्यापूर्वी एके दिवशी तिसऱ्या प्रहरी मी आमच्या दत्तमंदिरात समया पुशीत बसलो होतो. समोरच इस्त्रीचे दुकान चालवणारे मारुतीराव पायरीपर्यंत आले आणि म्हणाले, “गुरुजी, भाऊराव गेले.”

“कोणत्या बाजूला?” मी समईवरची नजर न काढता विचारले.

माझा प्रश्न विचित्र वाटेल. पण आमच्याकडे हे वाक्य दिवसातून अनेकदा ऐकू येई. भाऊराव भाजीवाल्यांकडे गेले, भाऊराव बसथांब्याकडे गेले, भाऊराव रिक्षावाल्यांच्या रांगेत गेले... गळ्यात कॅमेरा अडकवून तो माणूस सतत कोठेतरी गेलेलाच असे. मारुतीराव पायरीवरून हलले नाहीत, तेव्हा मी वर पाहिले. त्यांनी खांद्यावरचा पंचा हातात घेतला होता. “दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत,” ते म्हणाले. मग मला ‘गेले’ या शब्दाचा अर्थ समजला. समई हातात तशीच राहिली.

भाऊराव मूळचे अकोल्याकडचे. तरुणपणी कारखान्यातील नोकरीसाठी पुण्यात आले आणि पुणेकर झाले. फक्त त्यांच्या जिभेने पुण्याचा अधिवास कधी स्वीकारला नाही. आमची पहिली भेट मला स्वच्छ आठवते. मी संध्या आटोपून मंदिराबाहेर येत होतो. नव्यानेच राहायला आलेला एक उंच, हसतमुख गृहस्थ समोर आला आणि मोठ्या आपुलकीने म्हणाला, “काय करून राहिले गुरुजी?”

मी आयुष्यभर संस्कृत आणि व्याकरण शिकवले. ‘करून’ हे पूर्वकालवाचक. क्रिया संपली, हे सांगणारे. करून झाल्यावर मग ‘राहिले’ म्हणजे काय? मी म्हणालो, “संध्या केली. पण राहिलो नाही, घरी निघालो आहे.”

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, आणि मग इतक्या मोठ्याने हसले की मंदिरातील घंटेवरची चिमणी उडाली. त्या दिवसापासून आमच्यात हा खेळ सुरू झाला. मी म्हणे, “भाऊराव, ‘जेवत आहे’ म्हणावे.” ते म्हणत, “हाव ना गुरुजी, जेवून राहिलो, मंग सुधारतो.” पुढे ते निवृत्त झाले, कन्येने त्यांना कॅमेरा घेऊन दिला, आणि पहिल्याच सकाळी मी त्यांना चौकात गुडघे वाकवून उभे असलेले पाहिले. काय चालले आहे, असे विचारले.

“फोटो काढून राहिलो ना जी!”

“काढून कोठे राहिलात?”

“इथंच, विश्रांतवाडीत,” डोळ्याला लावलेला कॅमेरा न हलवता ते म्हणाले. “अजून कुठं राहणार बाप्पा?”

त्यांची काम करण्याची रीत ठरलेली होती. सकाळचे कोवळे ऊन अंगणात उतरले की ते निघत. सूर्य आपल्या पाठीशी, माणूस आपल्या समोर, बाकी काय लागते, असे त्यांचे म्हणणे. देवळे, पुतळे, डोंगर, सूर्यास्त यांच्याकडे त्यांनी कधी कॅमेरा वळवला नाही. मार्केट यार्डातून टेम्पोने आलेल्या कोथिंबिरीच्या जुड्या सोडणारी बाई, दाढीचा फेस तोंडावर असताना वर्तमानपत्र वाचणारे गिऱ्हाईक, गळ्यात कंपनीचे ओळखपत्र लटकवून खराडीच्या बसची वाट पाहणारी मुले, शाळेच्या रिक्षात बूट घालणारी पोरे, हे त्यांचे विषय. आणि एक नियम त्यांनी शेवटपर्यंत पाळला : छायाचित्रात माणसाचे पाय आलेच पाहिजेत. मी एकदा म्हटले, “मुखावरून माणूस कळतो, पाय कशाला?” ते म्हणाले, “तोंड तर कोणीही करते गुरुजी. माणूस उभा कुठं हाये, ते पायानं समजते.” मला ते वाक्य एखाद्या भाष्यकाराला शोभेल असे वाटले, मात्र तसे बोलून दाखवले असते तर त्यांनी दिवसभर थट्टा केली असती, म्हणून मी गप्प बसलो.

छायाचित्र छापून आणले की ते ज्याचे त्याला नेऊन देत. “ज्याचं तोंड त्याले,” एवढेच म्हणत. आमच्या भागातील कितीतरी दुकानांत गणपतीच्या शेजारी, दिनदर्शिकेच्या खाली, नाहीतर गल्ल्याच्या काचेमागे भाऊरावांनी काढलेले छायाचित्र असे. ज्यांच्याकडे एरवी कोणी मान वर करून पाहत नाही, अशी माणसे त्यांत छान ताठ उभी असत.

आजच्या काळात अनोळखी माणसाचे छायाचित्र काढणे ही साधी गोष्ट नव्हे. एकदा बसथांब्यावर एक तरुण मुलगी मोबाइलवर कोणाशी तरी तावातावाने बोलत होती. भाऊरावांनी कळ दाबली. ती तरातरा चालत आली. “अंकल, एक्स्क्यूज मी! परमिशन घेतली का तुम्ही? डिलीट करा. आत्ता. माझ्यासमोर.”

मी शेजारीच उभा होतो. मी दोन पावले मागे सरकलो. भाऊराव मात्र शांतपणे म्हणाले, “करतो ना बेटा. चूक माही हाये. चिडून काहून राहिली?”

‘का’साठी ‘काहून’ हा वऱ्हाडी शब्द ऐकताच त्या मुलीचा चेहराच पालटला. “तुम्ही... कुठले?”

“अकोल्याचा.”

“मी वाशीमची!” ती म्हणाली, आणि पुढली दहा वाक्ये त्या दोघांत अशा वेगाने झाली की माझ्यासारख्या पुणेकराला त्यांतली निम्मी कळली नाहीत. तिचे नाव मयूरी. खराडीत नोकरी, विश्रांतवाडीत मैत्रिणींसह भाड्याची खोली. भाऊरावांनी तिच्यासमोर छायाचित्र पुसले. काही दिवसांनी तीच शोधत आली. तिच्या आईला तिचा फोटो हवा होता. तो पहिला उगाच पुसायला लावला, असे आता तिला वाटत होते. भाऊरावांनी तिला पुन्हा थांब्यावर उभे केले. तिने केस सारखे केले, मान तिरपी केली, ओठांवर हसू आणले. भाऊरावांनी कॅमेरा खाली घेतला. “हे नाही पायजे. त्या दिवशी चिडली होती, तशी चीड.”

“अशी कशी चिडू काका? कारण तर पाहिजे!”

“तुह्या वाशीमपेक्षा आमचं अकोला मोठं हाये.”

ते छायाचित्र फार सुंदर आले. त्यानंतर भाऊराव आधी विचारू लागले, आणि विचारल्यावर माणूस अवघडला की त्याला चिडवायचे किंवा हसवायचे, ही कला त्यांनी साध्य केली.

मंदिराचा तो प्रसिद्ध प्रसंग सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही, कारण पुढील सारे त्यावरच अवलंबून आहे. दत्तजयंतीच्या उत्सवात भाऊरावांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन सभामंडपात मांडावे, असे ठरले. भाऊरावांनी मोठ्या हौसेने आपल्या मंडळींचे फोटो चौकटीत बसवून घेतले आणि आदल्या संध्याकाळी भिंतीवर ओळीने टांगले. मंदिराचे चिटणीस जोगळेकर यांनी सजावटीच्या मुलांना जाताना सांगितले, “सगळ्या फोटोंना हार घाला, एकही सुटता कामा नये.” त्यांच्या डोळ्यांसमोर गाभाऱ्याबाहेरचे गुरुपरंपरेचे फोटो होते. मुलांनी आज्ञा तंतोतंत पाळली. सकाळी दारे उघडली, तेव्हा विश्रांतवाडीतील सारी परिचित माणसे झेंडूच्या हारांत, कपाळी गंध लावलेली, भिंतीवर ओळीने विराजमान झाली होती!

आपल्याकडे हार घातलेल्या फोटोचा अर्थ एकच. पहिल्या आलेल्या बाईंनी कोथिंबीरवालीच्या फोटोपुढे हात जोडून “अगंबाई, परवाच तर पाव किलो मिरच्या घेतल्या” असे म्हणून डोळे टिपले. बातमी वणव्यासारखी पसरली. मारुतीरावांच्या दुकानापुढे लोक जमले. त्यांतले एक निवृत्त गृहस्थ मला आजही आठवतात. मारुतीराव पडद्यामागून इस्त्री घेऊन बाहेर आले, तेव्हा त्यांच्याकडे आपादमस्तक पाहून ते म्हणाले, “आहात होय? मग माझे दोन शर्ट आजच द्या. पुन्हा असं काही झालं तर पंचाईत नको.”

मारुतीराव तसेच इस्त्री ठेवून मंदिरात आले आणि स्वतःच्या फोटोपुढे उभे राहिले. “गुरुजी, गंध जरा वाकडं लागलंय,” एवढेच म्हणाले. सारा मंडप हसून हसून वाकला. भाऊराव तर खांबाला धरून बसले होते. पण हसणे थांबल्यावर त्यांनी सर्वांसमोर जे सांगितले, ते त्यांनी खरे करून दाखवले. “एक गोष्ट ऐकून ठेवा,” ते म्हणाले. “माह्या फोटोले कोणी हार घालाचा नाही. मी कोणाले फोटोच काढू देत नाही ना! हार घालाले सापडला तर पायजे!” आणि खरोखर, त्या दिवसापासून त्यांच्याकडे कोणी मोबाइल रोखला की ते खाली बसून चपलेचा अंगठा तपासू लागत.

त्यांची ती थट्टा त्यांच्या मागे फार जड झाली. तेराव्याच्या दिवशी पाट मांडला, रांगोळी काढली, निरांजन लावले. पाटावर ठेवायला फोटो नव्हता. कन्या अंजली हिने संगणकातील सारी छायाचित्रे पाहिली. हजारो चेहरे होते, बापाचा चेहरा नव्हता. आधार कार्डावरचा एक होता, तो पाहून भाऊरावांच्या पत्नी कुसुमवहिनी म्हणाल्या, “नको गं माय, ह्याच्यात ते कोणावर तरी गुरकावून राहिले.” लग्नातला होता, पण त्याला वहिनींचा आक्षेप अधिक सबळ होता : “त्याच्यात मी शेजारी बसली हावो. जित्या बाईले हार घालता काय?” जोगळेकर पाटाकडे पाहत म्हणाले, “साऱ्या विश्रांतवाडीचे फोटो काढले. स्वतःच्या वेळेला नेमकी बॅटरी संपली वाटतं.” बोलले तुटक, पण चष्मा काढून पुसत होते.

मंडळी पांगल्यावर वहिनींनी मला थांबवले. “गुरुजी, तुमी त्यांचे सोबती. कुठून तरी एक फोटो शोधून द्या. हारासाठी नाही म्हणत. सकाळी चहा ठेवतो आमी, तवा ते ओट्याजवळ उभे राहत, अन् मी बोलत राहो. आताही बोलतो मी... पण भिंतीशी बोलतो. भिंतीले निदान तोंड तरी पायजे ना.”

त्या वाक्याने मला पुढले दिवस स्वस्थ बसू दिले नाही. मंत्रांनी आत्म्याला गती देता येते, अशी माझी श्रद्धा आहे. पण ओट्याजवळच्या रिकाम्या भिंतीसाठी माझ्याजवळ मंत्र नव्हता. मी दारोदार विचारत निघालो. आपल्याकडे भाऊरावांचा फोटो आहे का? प्रत्येक जण मोठ्या उत्साहाने “आहे की!” म्हणे, आणि स्वतःचा फोटो आणून दाखवी. “अहो, हा तुमचा. भाऊरावांचा हवा आहे.” “भाऊरावांचाच हा. त्यांनीच काढलाय.” व्याकरणदृष्ट्या तेही बरोबर होते, षष्ठी विभक्तीने मला इतके कधी छळले नव्हते.

मारुतीरावांच्या दुकानात मी थकून बाकावर बसलो. त्यांचा फोटो समोरच लावलेला होता : हातात इस्त्री, ओठांत हसू, पायांत निळ्या चपला. अन् त्या चपलांजवळ, चित्राच्या खालच्या कडेपासून वर चढत आलेले काहीतरी काळे होते. छपाईचा डाग असावा म्हणून मी जवळ गेलो. तो डाग नव्हता. लांबच लांब धड होते, वर गोल डोके, आणि दोन्ही बाजूंना कढईच्या कानांसारखी उभी धरलेली कोपरे...

“मारुतीराव,” मी म्हणालो, “हे कोण?”

त्यांनी वाकून पाहिले. इस्त्री कपड्यावरच राहिली असती, मीच ती उचलून उभी केली. “आयला... गुरुजी, हे तर भाऊराव हायत!”

सूर्य पाठीशी, माणूस समोर, आणि चित्रात पाय हवेतच. मग छायाचित्रकाराची सावली जाणार कोठे? मयूरीला फोन केला. तिने तिचे छायाचित्र तत्काळ मोबाइलवर पाठवले. रागावलेली मयूरी, आणि तिच्या बुटांना टेकलेले ते दोन कान. घरी येऊन मी माझेही काढून पाहिले. इतकी वर्षे ते पोथ्यांच्या कपाटात होते. मी पूर्वेकडे तोंड करून सूर्याला अर्घ्य देत आहे. ओंजळीतून पाण्याची धार सुटली आहे. आणि ती धार जेथे पडते आहे, तेथे जमिनीवर भाऊरावांची सावली आहे. ज्या मित्राला मी तेव्हा “जरा बाजूला व्हा, देवाच्या आड येता” असे म्हणालो होतो, त्याच्यावर ते पाणी पडत होते.

दुसऱ्या सकाळी ते छायाचित्र घेऊन वहिनींकडे गेलो आणि सावलीवर बोट ठेवले. वहिनींनी ते चष्म्याजवळ नेले, लांब धरले, पुन्हा जवळ नेले. मग उठून आत गेल्या. कपाटाचे दार वाजले. साडीच्या घडीतून त्यांनी एक फोटो काढून आणला. “हा मी लपवून ठेवला होता,” त्या म्हणाल्या. “तोंड पाहा ना माझं. लोकांले दाखवाले लाज वाटे.”

फोटोत गच्चीवर धोतर अंथरले होते. त्यावर उडदाचे पापड वाळत होते. पलीकडे वहिनी कमरेत पदर खोचून, एक हात उगारून, तोंड उघडून छायाचित्रकाराला रागावत होत्या. आणि पापडांच्या रांगांवरून तिरपी, लांबलचक, भाऊरावांची सावली त्यांच्या पायांपर्यंत गेली होती.

“काय म्हणत होता त्यांना?”

वहिनींना हसू आवरेना. “म्हणून काय राहणार? अवो सरका ना जी, पापडावर सावली पडून राहिली!”

‘पडून राहिली.’ चाळीस वर्षे मी ज्या प्रयोगाला अशुद्ध म्हणत आलो, तो माझ्यासमोर चौकटीएवढ्या कागदावर सिद्ध होऊन उभा होता. सावली पडली, आणि राहिली. भाऊराव फोटो काढून राहिले. विश्रांतवाडीतच, अजून कोठे राहणार?

वहिनींनी तोच फोटो लावायचे ठरवले. ओट्याजवळच्या भिंतीवर खिळा मी ठोकला. लावून झाल्यावर सवयीने माझा हात पिशवीतल्या हाराकडे गेला, तशा त्या म्हणाल्या, “थांबा गुरुजी! ह्याच्यात मी हावो, जिती. हार कसा घालता?” आणि बोलता बोलता त्यांची नजर सावलीवर गेली. त्यांच्याही ध्यानात आले, माझ्याही. मारुतीरावांच्या फोटोत मारुतीराव आहेत, मयूरीच्या फोटोत मयूरी. भाऊराव जेथे जेथे आहेत, तेथे तेथे कोणीतरी जिवंत माणूस समोर उभा आहे. “जमवलंच शेवटी यांनी!” वहिनी म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून हसता हसता रडल्या.

मी भीत भीत म्हणालो, “वहिनी, आपल्याला भिंतीला तोंड हवे होते. यात त्यांचे मुख काही दिसत नाही.”

त्यांनी फोटोकडे पाहिले. “तोंड माझंच हाये, पण बोलून तर त्यांच्याशीच राहिली ना मी.”

मी सुधारले नाही. सुधारण्याजोगे काही नव्हते.

परवा सकाळी सहज त्यांच्या दारावरून जात होतो. आत स्टोव्हवर चहा उकळल्याचा वास होता, कपबशी वाजत होती, आणि वहिनींचा आवाज चढलेला होता : “अवो, सरका ना जरा, उजेड अडवून राहिले!” मी बेल न वाजवता पुढे गेलो. दोघांच्या बोलण्यात तिसऱ्याने जाऊ नये.

वाचकहो, तो सर्वसाक्षी सूर्यनारायण आपल्या अंगणात नित्य येवो. आपल्या घरातील प्रत्येक मुख त्याच्या उजेडात प्रसन्न दिसो. आणि आपल्या वाळत्या पापडांवर आपल्या माणसांची सावली पुष्कळ वर्षे पडून राहो.